माती खरवडली की प्रश्न मिटत नाही

पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी या प्रवाळबेटावर अणुचाचण्यांमुळे किरणोत्सारी झालेल्या मातीचा वरचा थर खरवडून टाकला की तिथल्या लोकांना परत नेता येईल, असं एकांनी लिहिलंय. गोष्ट इतकी सरळ नाही. 1946 साली अमेरिकेने तिथल्या 167 लोकांना हलवलं आणि 1958पर्यंत तिथे 23 अणुचाचण्या झाल्या. 1968मध्ये अमेरिकेने परतायला हरकत नाही असं जाहीर केलं. घरं उभी राहिली, नारळ लावले गेले, काही कुटुंबं आलीही. मग त्यांच्या शरीरात सीझियम-137 हे स्फोटांतून आलेलं किरणोत्सारी द्रव्य वाढलेलं आढळलं आणि 1978मध्ये पुन्हा बेट सोडावं लागलं. दोनदा उठवलेली माणसं! विचार करूनच पोटात कालवतं.

खरी मेख जमिनीत आहे. प्रवाळाच्या त्या मातीत पोटॅशियम फार कमी. सीझियम रासायनिकदृष्ट्या त्याचंच भावंड, म्हणून भुकेलं झाड तेच ओढून घेतं आणि ते थेट शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात उतरतं. माती खरवडली तर पालापाचोळा कुजून बनलेला सुपीक थरही जातो, उरतो पांढरा चुरा. त्यात काय पिकवणार? शास्त्रज्ञांनी तिथे आपण शेतात टाकतो तसलं पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, टाकून पाहिलं, तर नारळातलं सीझियम खूपच घटलं. मला तरी घराभोवतीची माती काढून बागेला पोटॅश देणं हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो.

शिवाय खरवडलेली माती टाकायची कुठे? एनेवेटाक या अणुचाचण्या झालेल्या दुसऱ्या प्रवाळबेटावर 1977 ते 1980 दरम्यान खरवडलेली माती तिथल्याच रुनिट बेटावर अणुस्फोटाने पडलेल्या खड्ड्यात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. त्या खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. आत प्लुटोनियम आहे, आणि भरती-ओहोटीबरोबर खालचं पाणी हलत असतं.