पागाच्या (मासे धरायच्या फेकजाळ्याच्या) गोळ्यांना सुरकुत्या, आवळताना चिरतात
प्रश्न: टायरच्या जुन्या वजनांचं शिसं वितळवून पागासाठी गोळ्या ओततोय. अंगावर सुरकुत्या येतात, दोरीवर आवळल्या की चिरतात. काय चुकतंय?

– साचा गार आहे. पहिल्या पाच-सहा गोळ्या परत भांड्यात टाका, तोवर साचा तापतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ओतताना ३७०-४०० ठेवा. गोळी पांढुरकी, खरबरीत दिसली की जास्त तापलंय.

– चिरते ती शिशातल्या अँटिमनी या मूलद्रव्यामुळे. टायरच्या वजनांत तो कडकपणासाठीच घालतात. पागाला मऊ शिसं घ्या, नखाने ओरखडा उठेल असं. वर न वितळता तरंगतं ते जस्ताचं वजन, झाऱ्याने लगेच काढा. ४१९ ओलांडलं की तेही वितळून मिसळतं, मग साचा नीट भरतच नाही.

– बॅटरीच्या प्लेटा नकोच, विषारी वायू सुटतो. उघड्यावर वितळवा, भांडं स्वयंपाकाचं नको. थेंबभर पाणी पडलं तरी शिसं तोंडावर उडतं.