दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना झिंक ऑक्साइड: चालू ठेवायचं की थांबवायचं?

मंगळवेढेकर
२८ दिवसांवर दूध तोडलं की आठवडाभरात पिल्लं पातळ हगायला लागतात आणि दुकानदार हगवण थांबवायला झिंक ऑक्साइडचं पाकीट पुढे करतो. माझं मत स्पष्ट आहे, हे बंद करा. युरोपीय संघाने औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड जून २०२२ मध्ये थांबवलं. तिथे आता पिल्लांच्या खाद्यात एकूण झिंक १५० पीपीएमच्या (दर किलो खाद्यात १५० मिलिग्रॅमच्या) वर चालत नाही. खाल्लेलं बहुतेक झिंक विष्ठेतून बाहेर पडतं, तेच खत आपण डाळिंबाच्या बागेत ओततो, आणि ते मातीत साठत जातं.

खरा घोळ जठरातल्या आम्लाचा आहे. दुधातल्या लॅक्टोजपासून बनणारं लॅक्टिक आम्ल एकाएकी बंद होतं आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं सुटत नसतं. अशात आपण १०० किलो खाद्यात किलोभर चुनखडीची भुकटी टाकतो. रसायनाचा साधा हिशेब मांडा: एक किलो चुनखडी निदान सव्वा किलो सायट्रिक आम्ल मारून टाकते. म्हणजे वरून महागडं अ‍ॅसिडिफायर (सायट्रिकसारखं आम्ल) घालायचं आणि खालून तेच खोडायचं! चुनखडी ३०० ते ४०० ग्रॅमवर आणा, फायटेज (धान्यात अडकलेलं फॉस्फरस, कॅल्शियम सोडवणारं विकर) घाला, उरलेलं कॅल्शियम कॅल्शियम फॉर्मेटमधून द्या. प्रथिनं २२ टक्क्यांवरून १८ वर उतरवा. न पचलेली सोयापेंड मोठ्या आतड्यात कुजते आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंचं फावतं.

खाद्यवाला, मोहोळ
युरोपात बंद झालं म्हणून इथेही बंद, हे काही पटत नाही. प्रथिनं १८ वर आणायची तर लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन ही चारही अमिनो आम्लं तोलून घालावी लागतात. नाहीतर हगवण थांबते आणि वाढही थांबते. चार-पाच माद्या ठेवणारा ट्रिप्टोफॅन कुठून आणणार?

झिंक लागू पडत नाही म्हणणारे बहुतेक मात्रेतच चुकतात. औषधी मात्रेतले २५०० पीपीएम हे झिंकचं माप आहे, ऑक्साइडचं नव्हे. पाकिटावर ७२ टक्के झिंक लिहिलं असेल तर १०० किलोला ३५० ग्रॅम लागतं, २५० नाही. आणि फरशीवर फावड्याने कालवलं की एका पिल्लाला चौपट, दुसऱ्याला शून्य. आधी २ किलो मका भरड्यात घोळवा, मग १० किलोत, मग सगळ्यात. १४ दिवस द्यायचं, बास. महिनाभर चाललं तर भूक मरते, अंगातलं तांबंही कमी पडतं.

पशुवैद्यक, बार्शी
मोहोळकरांचा मात्रेचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटली. झिंक ऑक्साइडही आम्ल खातं. तुमचं ३५० ग्रॅम जवळपास अर्धा किलो सायट्रिक आम्ल निकामी करू शकतं. म्हणून झिंक आणि अ‍ॅसिडिफायर एकाच गोणीत घालणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं. एक काहीतरी ठरवा.

पाकीट वाचताना काय पाहायचं: प्रोबायोटिकमध्ये (उपयोगी जिवाणूंच्या पाकिटात) बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस असेल तर ते बीजाणू गोळी खाद्याच्या उष्णतेत टिकतात. लॅक्टोबॅसिलस टिकत नाही, तो भरड्यातच द्या. ब्युटिरेट (आतड्याला पोसणारं ब्युटिरिक आम्लाचं मीठ) वेष्टित घ्या, नाहीतर ते जठरातच संपतं, आतड्यापर्यंत पोचत नाही. क्लोरिन टाकलेल्या टाकीत प्रोबायोटिक सोडू नका, अर्ध्या दिवसात मेलेलं औषध पाजाल. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा विषय काढूच नका, अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत ते भारतात २०१९ पासून बंद आहे. विष्ठेत रक्त दिसलं तर खाद्य-पाकिटांचा खेळ सोडून तपासणी करून घ्या.

अक्कलकोटचा शेतकरी
सगळे खाद्यातच अडकलेत. पाण्याचं काय? आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, दर लिटरला पाकिटावरचा ठोकळ डोस टाकून काय उपयोग? १० लिटरची बादली भरा, आम्ल थोडं थोडं टाकत पट्टीने पीएच बघा, ४ च्या आसपास आलं की थांबा आणि तेवढंच प्रमाण टाकीला लावा. त्याखाली गेलात तर पिल्लं पाणी टाकतात आणि आम्ल लोखंडी पाइपही खातं. पहिल्या दिवसांत पाइपातला बुळबुळीत थर सुटतो, निपल (पिल्लं पाणी पितात त्या तोट्या) तुंबतात, ते उघडून धुवा. निपलखाली मिनिटभर मापटं धरलं तर निदान अर्धा लिटर पाणी यायला हवं. एप्रिल-मे मध्ये उघड्यावरच्या काळ्या पाइपातलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, ते पिल्लू पिणार कसं?

आणि मुळात ४२ दिवसांवर दूध तोडा ना. निम्मी कटकट तिथेच संपते.

खाद्यवाला, मोहोळ
४२ दिवसांवर तोडलं तर मादी तेवढी उशिरा माजावर येते, वर्षाची वेतं कमी होतात. तो हिशेब कोण भरणार? डॉक्टरांचं एक मानतो, झिंकसोबतचं अ‍ॅसिडिफायर काढतो. चुनखडीही कमी करतो. पण १४ दिवसांचं झिंक सोडणार नाही.

मंगळवेढेकर
मग निदान त्या १४ दिवसांचं खत वेगळ्या खड्ड्यात टाका, बागेत नको. आणि ट्रिप्टोफॅन मिळत नसेल तर थेट १८ चा हट्ट माझाही नाही, १९-२० वर थांबा, सोयापेंड कमी करून तेवढा ज्वारीचा भरडा वाढवा. मालदांडी चालेल, टॅनिन कमी असतं. मात्र पिठासारखी बारीक दळू नका, जठरात व्रण होतात.

अक्कलकोटचा शेतकरी
डाळिंबाची वाळवलेली साल घालायला कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, त्यातल्या टॅनिनचं प्रमाण दर पोत्याला वेगळं आणि टॅनिन प्रथिनं बांधून ठेवतं. खर्च फुकटचा, डोस अंदाजपंचे.

पशुवैद्यक, बार्शी
सहमत. आणि डिसेंबरात रात्री पिल्लांपाशी २८ ते ३० अंश ऊब नसेल तर वरचं एकही पाकीट उपयोगाचं नाही. पिल्लं एकमेकांवर चढून झोपलेली दिसली की आधी बल्ब आणि कोरडा भुसा, मग खाद्य.