गरम झऱ्यात ऑक्सिजन जड, ड्यूटेरियम मात्र विहिरीइतकंच. पाणी कुठलं?

भूजल_विद्यार्थिनी
भूऔष्णिक क्षेत्रातल्या एका गरम झऱ्याचे आणि शेजारच्या थंड विहिरीचे रिपोर्ट आलेत. विहीर: ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) उणे ५.९, ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) उणे ३७. झरा: उणे २.१ आणि उणे ३८. (सगळे आकडे समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत, प्रति हजार; उणे म्हणजे त्याहून हलकं.) झऱ्यात मॅग्माचं पाणी मिसळलंय असं लिहू का? की नुसतं बाष्पीभवन?

खडकवेडा
दोन्ही नाही. मॅग्माचं नाव घ्यायची एवढी घाई का असते सगळ्यांना! मूळ शोधायचं तर आधी ड्यूटेरियम बघा.

जगभरच्या पावसाच्या पाण्यासाठी हार्मन क्रेगने १९६१ मध्ये दिलेली रेषा घ्या: ड्यूटेरियम = ८ × ऑक्सिजन-१८ + १०. विहीर तिच्यावर बरोब्बर बसते, म्हणजे पावसाचं पाणी. त्याच पाण्याचं बाष्पीभवन झालं असतं तर रेषेचा उतार ८ ऐवजी ५ च्या आसपास पडतो, ऑक्सिजन ३.८ ने वाढेपर्यंत ड्यूटेरियम उणे १८ वर आलं असतं. ज्वालामुखी कमानीतलं (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथल्या ज्वालामुखींच्या रांगेतलं) मॅग्माजल ढोबळमानाने ऑक्सिजन अधिक १०, ड्यूटेरियम उणे २०. ते मिसळून ऑक्सिजन उणे २.१ झाला असता, तर ड्यूटेरियम उणे ३३ दिसलं असतं. तुमचं उणे ३८ आहे. मोजणीत एखाद्या एककाची चूक धरली तरी जमत नाही.

उरला खडक. सिलिकेट खडकाच्या वजनात जवळजवळ निम्मा ऑक्सिजन, हायड्रोजन नावापुरता. तापलेलं पाणी खडकाशी ऑक्सिजनची अदलाबदल करतं आणि जड होतं. ड्यूटेरियम पावसाचं तेच राहतं. म्हणून आलेखावर (ऑक्सिजन आडवा, ड्यूटेरियम उभा) तुमचा बिंदू आडवाच सरकलाय.

भूजल_विद्यार्थिनी
पण झऱ्याच्या तोंडाशी ६२ अंशच आहे!

खडकवेडा
तोंडाशी. खाली किती? एवढं सरकायला साधारण १५० अंशांच्या वर तापमान लागतं, वेळही लागतो. पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून खालच्या तापमानाचा अंदाज काढा, पण वाटेत थंड पाणी मिसळलं असेल तर तो आकडा कमी येतो.

झरेकाठ
एक भर. ड्यूटेरियम सारखं आलं म्हणून पाऊस तिथल्या तिथेच पडला असं लिहू नका. दर १०० मीटर चढाला ऑक्सिजन-१८ साधारण ०.१५ ते ०.५ ने हलका होतो, तेव्हा फार उंचावरचं पाणी नसावं, एवढंच म्हणता येईल. ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजन, अणुचाचण्यांमुळे पावसात वाढलेला) तपासणी करून घ्या. अर्धायुष्य १२.३ वर्षं, जवळपास शून्य आलं तर पाणी १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांआधीचं. आणि नमुना कुंडातला की तोंडावरचा? कुंडात वाफ उडून आकडे बदलतात. बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका.