डीपीएफ इनलेटचा टेंपरेचर सेन्सर दोनदा बदलला तरी तोच कोड, आता ईसीयू बदला म्हणतायत

खडीवाला_सातारा
नमस्कार मंडळी, माझा बीएस सिक्स टिपर आहे, २०२१ चा, दहा चाकी, क्रशरवर खडी वाहतो. दोन महिन्यांपूर्वी चेक लाइट लागली, स्कॅनरवर एसपीएन ३२४२ एफएमआय ३ आलं (एसपीएन म्हणजे कुठला भाग, एफएमआय म्हणजे कसला दोष). सर्व्हिसचा मुलगा म्हणाला सायलेन्सरवरचा, डीपीएफच्या (धुरातली काजळी पकडणारी जाळी) तोंडाचा टेंपरेचर सेन्सर गेलाय, बदलला, आठ दिवस एकदम मस्त चालली आणि नवव्या दिवशी भरलेली गाडी खाणीतनं वर काढताना परत लाइट, पिकअप गायब, मागे चार गाड्या हॉर्न मारतायत. परत सेन्सर. ह्यावेळी बारा दिवस टिकला. आता तोच मुलगा म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघावा लागेल. दोन सेन्सरमध्ये एका टायरचे पैसे गेलेत आधीच. सकाळी स्टार्ट केली की लाइट नसते, रिकामी जाताना नसते, भरून खड्ड्यातनं यायला लागली की हमखास. कुणाला असा अनुभव आहे का?

बिनधास्त_डंपर
भाऊ कशाला डोक्याला ताप, कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या वायरीच्या जोडात, एक रेझिस्टन्स टाकून द्यायचा, ईसीयूला वाटतं सेन्सर आहे. आमच्याकडे एक जण करून देतो चहा पिईपर्यंत.

वायरमन_अप्पा
रेझिस्टन्सवाल्या भाऊंनी गाडी दोन दिवस चालवून बघावी. ईसीयू मूर्ख नाहीये हो. इंजिन तापलं, टर्बोतनं गरम धूर येतोय आणि हा सेन्सर आपला तीस डिग्रीवर ध्यान लावून बसलाय, हे त्याला कळतं आणि दुसरा कोड टाकतो. आणि समजा नाही कळलं, तर अजून वाईट, रीजनच्या वेळी, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळताना, आत साडेपाचशे-सहाशे डिग्री चालू असतात, त्याला थंड दिसतंय म्हणून डिझेल मारत राहिला तर डीपीएफची जाळी वितळेल, मग सेन्सरचे पैसे चिल्लर वाटतील. बेकायदा आहे ते वेगळंच.

आता सातारकर तुमचं. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज जास्त, एफएमआय ४ म्हणजे कमी. कोड एवढंच सांगतो, सेन्सर गेला असं तो कुठंच म्हणत नाही. ईसीयू पाच व्होल्ट पाठवतो, सेन्सर त्याला खाली ओढतो, कुठंही सर्किट तुटलं की पाच व्होल्ट तसेच उभे राहतात आणि ३ येतो. वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली असती तर ४ आला असता. म्हणजे तुमचं कुठंतरी सुटतंय, आणि हादऱ्याला सुटतंय, रिकाम्या गाडीत नाही. नवीन सेन्सर टाकल्यावर आठ-बारा दिवस का चालली माहितीये? सेन्सर बदलताना कपलर काढला आणि घातला, पिना घासल्या गेल्या, तात्पुरता कॉन्टॅक्ट आला. बरा झाला तो कपलर, सेन्सर नाही.

ईसीयूचं आधी मिटवून टाका. की ऑन, लॅपटॉप लावलेला, सेन्सरचा कपलर काढा, ३ येईल. आता हार्नेसच्या (गाडीच्या वायरीच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना बारीक वायरीच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. ३ चा ४ झाला तर त्या घडीला कपलरपासून ईसीयूपर्यंत सगळं ठीक आहे, ईसीयू बदलायचं नाव काढलं तर चहा पाजून परत पाठवा. मग सेन्सर मोजा, तुमच्या गाडीत बहुतेक पीटी २०० असेल, तापला की ओहम वाढणारा, दोन वायरचा, शून्य डिग्रीला २०० ओहम, आपल्या तीस डिग्रीला २२० च्या थोडं वर. काही गाड्यांत एनटीसी असतो, तो थंडीत खूप जास्त ओहम दाखवतो, त्याला गेला समजू नका. आणि सेन्सरच्या वायरी एका छोट्या डब्यात जाऊन तिथनं कॅन वायरने (ईसीयूकडे डेटा नेणारी वायर) जात असतील तर ओहम मोजून काही कळणार नाही, तिथं डब्याची सप्लाय आणि अर्थ बघायची.

एक हात जोडून विनंती, मल्टीमीटरची जाड प्रोब पिनेत खुपसू नका. मादी पिन एकदा फाकली की ती हादऱ्याला सुटणारच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत दोष गाडीचा नसतो, आधीच्या मेकॅनिकच्या प्रोबचा असतो.

चंद्रपूर_डिझेल
अप्पांशी सहमत. त्यात एक भर घालतो, सगळ्यात स्वस्त टेस्ट. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता फक्त की ऑन करून लाइव्ह डेटा बघा. सगळे एक्झॉस्ट सेन्सर, कुलंट, इनटेकची हवा, सगळं दहा-पंधरा डिग्रीच्या आत एकमेकांजवळ हवं. आमच्याकडे कोळशाच्या खाणीत एका ग्रेडरला तिन्ही सेन्सर गार इंजिनला ५२-५५ दाखवत होते आणि कुलंट २९. तीन सेन्सर एकदम कसे बिघडतील? तिघांची रिटर्न वायर एकच होती, तिचा जोड हिरवा पडलेला. पीटी २०० मध्ये पाऊण ओहमला एक डिग्री, जोडात थोडी घाण बसली की वीस-पंचवीस डिग्री कुठं गेली कळत नाही. जोड कापून नवीन केला, तिन्ही खाली आले. आमचे साहेब तिन्ही सेन्सरची ऑर्डर टाकून बसलेले.

युरियाची नळी जवळनं जात असेल तर कपलर उघडून पांढरी पावडर बघा, ते पाणी वायरीच्या आतनं चढत जातं. आणि हो, कधी एफएमआय ० किंवा १६ आला म्हणजे तापमान जास्त, तर सेन्सरला हात लावू नका, तो बहुतेक खरं बोलतोय, इंजेक्टर टपकतोय का, टर्बोचा होस फाटलाय का ते बघा.

आणि सातारकर, लाइट असताना ओढत राहू नका. ह्या सेन्सरशिवाय रीजन होत नाही, काजळी भरत जाते.

खडीवाला_सातारा
अप्पा, चंद्रपूरकर, आज सकाळी की ऑन करून बघितलं. चार सेन्सर २७, २८, २८, २६, कुलंट २७. म्हणजे थंडीत सगळं बरोबर?

वायरमन_अप्पा
बरोबर. आता की ऑनच ठेवा, एकाने लॅपटॉप बघा, दुसऱ्याने कपलरपासून मागे हार्नेस हलवत जा, हळूहळू, वीतभर वीतभर. आकडा उडाला की थांबा. गार सायलेन्सरवरच करा हो, नाहीतर हात भाजेल.

खडीवाला_सातारा
सापडलं! पोरगा केबिनमध्ये लॅपटॉप धरून बसला, मी खाली. कपलरपासून जेमतेम चार बोटांवर वायर हलवली आणि तो वरनं ओरडला, पप्पा गेलं गेलं! आकडाच गेला. कपलर काढून टॉर्चने बघितलं तर दोन पिनांपैकी एक दुसरीपेक्षा आत सरकलेली, तिचं पकडायचं बारीक पातं तुटलेलं. वायर हलकेच ओढली तर पिनेसकट हातात आली. वायर सायलेन्सरच्या क्लॅम्पपासून कपलरपर्यंत ताणून बांधलेली होती, ढील अजिबात नाही, भरल्या गाडीला चेसिस मुरगळली की ती पिनेला ओढत असणार. नवीन टर्मिनल टाकलं, टाय तोडून थोडी ढील ठेवून परत बांधली. अप्पांची वायर जोडायची टेस्ट पण केली, ३ चा ४ झाला, ईसीयू ठणठणीत.

पाच दिवस झाले, भरून चढ काढतोय, लाइट नाही. काल शेडमध्ये आधी काढलेले दोन्ही सेन्सर सापडले म्हणून मल्टीमीटर लावला. एक २२१ ओहम, दुसरा २२२.

वायरमन_अप्पा
जपून ठेवा, पुढच्या वेळी लागतील.