विषय: टोरांटोच्या जूनमधल्या प्राइड परेडमध्ये (समलिंगी-ट्रान्स लोकांची मिरवणूक) मंडळाचा बॅनर?

२४ जानेवारी २०१९ / सुहास, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीच्या डिसेंबरच्या इतिवृत्तात अगदी शेवटी एक ओळ आहे: 'जूनच्या प्राइड परेडमध्ये मंडळाच्या बॅनरसह सहभागी होण्याचा विचार व्हावा.' सूचक-अनुमोदकांची नावं आहेत, चर्चा झाल्याचं मात्र कुठे दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच लिहितोय.

समलिंगी लोकांना माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळी उत्तरं त्यावरच येतील. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. प्रश्न वेगळा आहे. परवा मंगळवारी रात्री परेड भरवणाऱ्या 'प्राइड टोरांटो' संस्थेच्या सभासदांनी १६३ विरुद्ध १६१ मतांनी पोलिसांना परेडबाहेर ठेवायचं ठरवलं. ऑक्टोबरात त्यांच्याच संस्थेनं पोलिसांना २०१९ साठी अर्ज करता येईल असं जाहीर केलं होतं. ते दोन मतांनी उलटवलं.

आपण गणपतीच्या मिरवणुकीला पैसे भरून पेड ड्यूटीचे पोलीस घेतो. रस्ता अडवायला तेच, ढोल-ताशांची तक्रार आली की शेजाऱ्यांची समजूत काढायलाही तेच. सप्टेंबरात त्यांच्या हातावर मोदक ठेवायचा आणि जूनमध्ये त्यांना दार लावणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून चालायचं? २०१६ मध्ये 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'वाल्यांना, म्हणजे कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या चळवळीला, मानाचे पाहुणे म्हणून बोलावलं, तर त्यांनी अर्धा तास परेडच अडवून धरली. पोलीसप्रमुख कोण, तर मार्क सॉन्डर्स. स्वतः कृष्णवर्णीय, आणि जेमतेम दोन आठवडे आधी समलिंगी पुरुषांच्या बाथहाउसवर पडलेल्या १९८१ च्या धाडींबद्दल जाहीर खेद व्यक्त केलेला. आणखी काय करायचं माणसानं?

दुसऱ्यांच्या भांडणात मंडळानं पडू नये, इतकंच माझं म्हणणं.

सुहास

२५ जानेवारी / मेधा, ब्रॅम्प्टन

सुहासभावजींशी मी सहमत आहे, आणि माझं कारण घरातलंच आहे. आमचे चिरंजीव शेजारच्या शहरात पोलिसात आहेत, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात मॉलच्या पार्किंगमध्ये एक आजी हरवल्या होत्या. विस्मरणाचा त्रास, इंग्रजी येत नाही, पायात नुसते मोजे. त्यांच्याशी मराठीत बोलत बोलत त्यानंच त्यांना घरी पोचवलं. तोही युनिफॉर्ममध्येच होता.

निखिल, सूचक म्हणून तुझं नाव आहे म्हणून तुलाच विचारते. आडवळणानं नको, सरळ सांग. माझ्या मुलाला तिथे यायला बंदी आहे का?

मेधा

२९ जानेवारी, रात्री / निखिल, टोरांटो

मेधाकाकू, नाही. बंदी नाही. साध्या कपड्यात कोणीही यावं, पोलीस असो नाहीतर पोलीसप्रमुख. परेडमध्ये नको आहे ते पथक: युनिफॉर्म, कमरेचं पिस्तूल, गाडी, पोलीस खात्याचा फ्लोट. रस्त्याच्या कडेला बंदोबस्ताला पोलीस असतातच, २०१७ मध्येही होते, २०१८ मध्येही.

उत्तर द्यायला उशीर झाला कारण हे चार दिवस माझं लक्ष दुसरीकडे होतं. आज सकाळी त्या माळीकाम करणाऱ्या ब्रूस मॅकार्थरनं कोर्टात आठही खून कबूल केले. बातमी तुम्ही पाहिली असेल. या आठांपैकी सहा जण दक्षिण आशियातून, अफगाणिस्तानातून, इराणमधून, तुर्कस्तानातून आलेले होते. दोघं श्रीलंकेतले तमिळ. पहिला २०१० मध्ये गायब झाला. चर्च स्ट्रीटच्या, म्हणजे टोरांटोतल्या समलिंगी वस्तीच्या, विजेच्या खांबांवर त्यांचे फोटो चिकटवलेले असायचे. खाली टेप, वर पावसानं फिकट झालेला चेहरा, आणि तो चेहरा आपल्यातलाच कोणीतरी वाटावा असा. माझ्या रूममेटला एका माणसानं थांबवून विचारलं होतं, "हा तू तर नव्हेस?"

पोलिसांनी २०१२ च्या शेवटी तिघांच्या तपासाला पथक नेमलं, 'प्रोजेक्ट ह्यूस्टन' नावाचं. २०१४ मध्ये ते गुंडाळलं, हाती काही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये याच सॉन्डर्ससाहेबांनी पत्रकारांना सांगितलं की पुरावे पाहता इथे कोणी सिरियल किलर नाही. सहा आठवडेही झाले नाहीत तोच, १८ जानेवारीला, मॅकार्थर पकडला गेला. नंतर एका मुलाखतीत साहेबांचा सूर असा की वस्तीतून कोणी माहितीच घेऊन पुढे आलं नाही. पुढे कसं येणार? ज्याची निर्वासितांची केस अडकलीय, ज्याच्या बायकोला-भावाला काही माहीत नाही, तो पोलीस चौकीत जाऊन सांगणार की माझा मित्र अमुक बारमधून निघाला आणि परतलाच नाही? गेल्या एप्रिलमध्ये प्राइडनं आणि इतर संस्थांनी पोलिसांना परेडसाठीचा अर्ज मागे घ्या म्हणून सांगितलं ते यामुळे. त्यांनी घेतलाही. हा सगळा हिशेब 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'च्या खात्यावर कसा मांडता येईल?

आता २०१६. सुहासकाका, तुम्ही म्हणता पाहुण्यांनी परेड अडवली. अडवली, खरंच. ३ जुलै, यंग आणि कॉलेजचा चौक. पंतप्रधान झाल्यावर ट्रूडो पहिल्यांदाच परेडमध्ये चालत होते. ऑर्लँडोच्या क्लबमध्ये ४९ माणसं मारली गेली त्याला महिनाही झाला नव्हता. मी कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला गर्दीत होतो. मंडळी डांबरावर बसली, रंगीत धूर सोडला, आणि मागचे ट्रक बंद पडल्यासारखे उभे. माझ्या आजूबाजूचे काही गोरे लोक शिव्या देत होते, तेही इंद्रधनुष्याचे झेंडे हातात धरून. शेवटी प्राइडच्या कार्यकारी संचालकानं मागण्यांच्या कागदावर सही केली. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला की सही केली ती परेड पुढे सरकावी म्हणून. पण जानेवारी २०१७ च्या वार्षिक सभेत सभासदांनीच त्या मागण्या मान्य केल्या.

त्या कागदात काय होतं हे कोणी वाचलंय का? पोलिसांचा मुद्दा एक. बाकीचे: कृष्णवर्णीय तरुणांच्या कार्यक्रमांना पैसे, बहिऱ्या लोकांसाठी सांकेतिक भाषेचे आणखी दुभाषी, नोकरीत कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रियांना आणि मूलनिवासींना प्राधान्य. आणि त्यातच, स्वच्छ शब्दांत, साउथ एशियन स्टेज परत सुरू करा. आपलं स्टेज, काका. प्राइडनं बंद केलेलं. ते परत मागायला आपल्यातलं कोणी यंग स्ट्रीटवर बसलं नव्हतं, त्यांनी आपल्यासाठी मागितलं. तुम्ही बॅनर न्या, नका नेऊ, माझं त्यावर काही अडलेलं नाही. मला फक्त तुमचं 'दुसऱ्यांचं भांडण' खोडायचंय.

१९८१ चं थोडक्यात, कारण तुम्ही काढलंत. ५ फेब्रुवारीच्या रात्री पोलिसांनी चार बाथहाउसवर पहारी-हातोडे घेऊन धाडी घातल्या, सुमारे तीनशे माणसं पकडली. दुसऱ्या रात्री तीन हजार लोक रस्त्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रेंज पार्कात जमले, आजची परेड तिथून पुढे वाढत आली. म्हणजे जन्मच पोलिसांविरुद्धच्या मोर्चातला. २००० मध्ये बायकांच्या कार्यक्रमावर पुन्हा धाड पडली. खेद व्यक्त व्हायला २०१६ उजाडलं, आणि तो मुख्यतः त्या पकडलेल्या पुरुषांसाठी होता. रस्त्यावर विनाकारण थांबवून नाव-गाव लिहून घेतलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्हता. ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाचा डिसेंबरातला अहवाल सांगतो की २०१३ ते २०१७ या काळात टोरांटो पोलिसांच्या गोळीनं मरण्याची शक्यता कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यापेक्षा जवळजवळ वीसपट होती. हे मी दोनदा वाचलं, छपाईची चूक असेल म्हणून.

निखिल

३० जानेवारी / सिद्धार्थ, स्कारबरो

जय भीम, नमस्कार.

या यादीवर मी सहसा लिहीत नाही. पण पोलीस आणि मिरवणूक हा विषय निघालाच आहे तर एक सांगतो.

मी घाटकोपरचा. ११ जुलै १९९७ च्या सकाळी रमाबाई नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या घातल्या, दहा जण गेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि पुढे जामीनही मिळाला. आमच्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीला पोलीस असतात. कडेला, दोरी धरून. त्यातले कितीतरी आमचेच, घरी बाबासाहेबांचा फोटो लावणारे. त्यांच्याशी कोणाचं वैर नाही, चहा-पाणी विचारतात लोक. पण राखीव दलानं उद्या म्हटलं की जयंतीला आमचा पण चित्ररथ असू दे, वर हवालदार युनिफॉर्ममध्ये हात हलवत उभे, तर रमाबाई नगरातली कोणती माय "या" म्हणेल?

मेधाताई, तुमच्या मुलाचं काम चांगलंच आहे. त्याचा इथे संबंध नाही.

आणि जाता जाता: गणपती, दिवाळी, संक्रांत, कोजागिरी सगळं होतं. आपल्या मंडळात जयंती अजून का होत नाही हे मला कोणी सांगेल का? वेगळी ईमेल टाकतो त्याची.

सिद्धार्थ

३१ जानेवारी / सुहास

सिद्धार्थ, मी तेव्हा विक्रोळीत राहायचो. त्या दिवशी हायवे बंद होता आणि संध्याकाळपर्यंत खरं काय झालं ते कोणी सांगत नव्हतं. त्यावर मी वाद घालणार नाही.

स्टेजचं मला माहीत नव्हतं. आमच्या वर्तमानपत्रात पोलिसांचं तेवढं पहिल्या पानावर होतं.

तरी माझा मुद्दा उरतोच. २०१६ मध्ये एका समलिंगी पोलीस शिपायानं खुलं पत्र लिहिलं होतं, की मी पहिल्यांदाच ज्या गणवेशाचा अभिमान बाळगून इथे चालतो तिथूनच मला बाहेर काढता. त्याचं काय? जो आत राहून खातं बदलू बघतोय त्याच्याच पायाखालची सतरंजी ओढायची? २०१७ मध्ये आपले पोलीस न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या परेडमध्ये युनिफॉर्मवर चालले. म्हणजे शेजारच्या देशात चालतं, स्वतःच्या गावात नाही. आणि महापालिकेनं प्राइडचं २,६०,००० डॉलर्सचं अनुदान थांबवायचा ठराव २७ विरुद्ध १७ नं फेटाळला म्हणून ठीक. उद्या फेटाळला नाही तर? नुसतं बाहेर ठेवून पोलीस सुधारतात हे मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

सुहास

३१ जानेवारी / निखिल

काका, त्या शिपायाचं दुःख मला कळतं. १६१ मध्ये माझे दोन जवळचे मित्र आहेत आणि त्यांच्याशी माझं अजून नीट बोलणं होत नाही.

पण आत ठेवून सुधारतात का, याचं उत्तर आपल्याकडे आहे. बिल ब्लेअर २००५ मध्ये परेडमध्ये चालले, असं चालणारे टोरांटोचे पहिले पोलीसप्रमुख. तेव्हापासून २०१६ पर्यंत पोलीस दरवर्षी होते, फ्लोट होता, शिट्ट्या होत्या, पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या. माणसं गायब व्हायला लागली ती २०१० पासून, त्याच वर्षांत. फ्लोट चर्च स्ट्रीटजवळून जायचा आणि खांबावर फोटो असायचे.

निखिल

१ फेब्रुवारी / मेधा

मी चिरंजीवांना निखिलची ईमेल वाचून दाखवली. तो म्हणाला, "आई, मला तर रविवारी सुट्टी मिळाली तर झोपायचंय." मग जरा वेळानं म्हणाला की त्याच्या पथकात दोघीजणी आहेत, त्या दरवर्षी टी-शर्टवर जातात, कोणी अडवत नाही. ऑफिसात मात्र सांगत नाहीत कुठे जातो ते. हे मला नवीनच होतं. बाहेर बंदी नाही आणि आत सांगता येत नाही, हे कसलं खातं?

माझं मत अजून बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

मेधा

१ फेब्रुवारी / सचिव

सर्व सभासदांस,

चर्चा यादीवर पुरे. मंडळ धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळे बॅनरचा निर्णय कार्यकारिणी एकटी घेणार नाही. मार्चच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव स्वतंत्र मांडले जातील: (अ) प्राइड परेडमध्ये मंडळाच्या नावानं सहभाग, (ब) एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम. निखिलनं पंधरा मिनिटं बोलावं, सुहासकाकांनी पंधरा. साउंड सिस्टिम गेल्या वेळेसारखी ऐनवेळी शोधायला लावू नये. थकलेली वर्गणी भरल्याशिवाय मतदान करता येणार नाही.

सचिव

१ फेब्रुवारी / सुहास

सचिवसाहेब, एक खुलासा हवा. कौटुंबिक सभासदत्वाला मत एक की दोन? या विषयावर आमच्या घरात एकमत नाही, आणि हिच्या हातात चेकबुक आहे.

सुहास