उबुंटू २२.०४ केल्यावर सर्व्हरकडून जाणारा वेग ५७५ मेगाबिटवर अडकला, येणारा मात्र पूर्ण

सर्व्हरकोपरा

फाइल सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला. मशीनला बाहेरचं इंटरनेट नाही. अपग्रेड आतल्या मिररवरून (उबुंटूच्या पॅकेजांची स्थानिक प्रत) झालं आणि तो मिरर एप्रिल २०२२ नंतर ताजा केलेला नाही. त्यामुळे कर्नल (सिस्टीमचा गाभा) ५.४ वरून ५.१५.०-२५ वर आला.

हार्डवेअर: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, बोर्डावरचं इंटेल आय२१९-एलएम कार्ड, ड्रायव्हर ई१०००ई, गिगाबिट स्विच.

लक्षण: सांबावरून (नेटवर्कवर फाइल वाटायची सेवा) मोठी फाइल उतरवताना आधी सेकंदाला ११० मेगाबाइट मिळायचे, आता ६५ ते ६८. सर्व्हरवर फाइल चढवताना काहीच फरक नाही. डिस्क यात नको म्हणून आयपर्फ-३ (नुसता नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) लावून पाहिलं. सर्व्हरकडून जाताना दर सेकंदाचे मेगाबिटचे आकडे ५७२, ५८१, ५७६, ५७४ असे, रिट्रान्समिटच्या (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याच्या) रकान्यात सलग शून्य. उलट दिशेने ९४१.

करून झालेलं: केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, फरक नाही. ग्रबच्या (बूट मेनूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना ५.४ चढवला की त्याच केबलवर पुन्हा ९४०. आता कुठे बघू?

तारजोड

दोन्ही दिशा मोजल्यात आणि जुन्या कर्नलवरही पाहिलंत, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे.

९४१ हा गिगाबिटचा भरलेला आकडा. १५०० बाइटच्या एमटीयूमध्ये (एका पॅकेटची कमाल लांबी) टाइमस्टॅम्प धरून टीसीपीला १४४८ बाइट मिळतात आणि तारेवर एका फ्रेमची जागा १५३८ बाइट. १४४८ भागिले १५३८ म्हणजे ९४.१ टक्के. येणारी दिशा तिथे पोचतेय म्हणजे केबल, पोर्ट आणि जोडणीचा वेग तिघेही सुटले. तारेची एखादी जोडी तुटली असती तर कार्ड १०० वर उतरलं असतं आणि दोन्हीकडे ९४ च्या आसपास दिसलं असतं. डुप्लेक्सचा घोळ असता तर रिट्रान्समिट शेकड्यांनी वाढले असते.

तुमच्याकडे ते शून्य आहेत. वाटेत काहीच हरवत नाहीये, पाठवणाराच हात आखडता घेतोय. म्हणजे दोष पाठवण्याच्या वाटेवर, टीसीपीच्या खाली आणि तारेच्या वर. तिथे उरतात ड्रायव्हर, कार्ड आणि त्यांच्यातला डीएमए (कार्डाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचणं).

५.१५ वर असताना एवढं टाका:

१. एलएसपीसीआय -एनएन मधली इथरनेटची ओळ, आयडीसकट.
२. ईथटूल लहान 'के' देऊन, त्यातल्या 'सेगमेंटेशन' शब्द असलेल्या ओळी. (लहान 'के' नुसतं दाखवतो, मोठा 'के' बदलतो. घाईत उलटं होतं.)
३. ईथटूल मोठा 'एस' देऊन, शून्य नसलेले एररचे काउंटर.
४. आयपर्फ चालू असताना एमपीस्टॅट -पी ऑल १, प्रत्येक कोअरचा सॉफ्टआयआरक्यूचा रकाना (पॅकेटच्या कामात गेलेला प्रोसेसरचा वेळ).
५. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदीत) 'हार्डवेअर युनिट हँग' असं काही येतंय का. ई१०००ईचा तो वेगळा आणि जुना आजार आहे. त्यात वेग कमी होत नाही, कार्ड मधेच रीसेट होतं.

कोअरचार

सहाव्या पिढीचा प्रोसेसर म्हटल्यावर एवढं खोलात कशाला? नवीन कर्नल म्हणजे स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरचे नवीन अडसर. बूटला मिटिगेशन्स=ऑफ द्या आणि मोजा.

तारजोड

मोजायला हरकत नाही, पण फाइल सर्व्हरवर ते तसंच ठेवू नका. आणि इथे ते कारण असणं कठीण आहे. स्कायलेकला (म्हणजे या सहाव्या पिढीला) खरोखर जड गेलेला अडसर रेटब्लीडचा, तो जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला. यांचा कर्नल एप्रिलमधला, त्यात तो नाहीच. स्पेक्टर-मेल्टडाउनचे अडसर ५.४ मध्येही होते. शिवाय प्रोसेसर दमला असता तर येणारी दिशा आधी बसली असती, कारण प्रोसेसरला पॅकेट पाठवण्यापेक्षा घेणं महाग पडतं.

सर्व्हरकोपरा

घ्या:

एलएसपीसीआय: इथरनेट कनेक्शन (२) आय२१९-एलएम, आयडी ८०८६:१५बी७. इंटरफेसचं नाव ईएनपी०एस३१एफ६.

ईथटूल: टीसीपी-सेगमेंटेशन-ऑफलोड ऑन, त्याखाली टीसीपी आणि टीसीपी-६ दोन्ही ऑन. जेनेरिक-सेगमेंटेशन-ऑफलोड ऑन.

एररचे सगळे काउंटर शून्य. पाठवताना सॉफ्टआयआरक्यू एका कोअरवर ४ टक्के, बाकीचे कोअर निवांत. डीमेसेग स्वच्छ.

पाचरमारे

१५बी७ म्हणजे सनराइज पॉइंट चिपसेटमधलं आय२१९. या कार्डाची ही ओळखीची कटकट आहे.

आय२१९ ला डीएमए चालू असताना बफर ओसंडण्याचा दोष होता. ड्रायव्हरमध्ये त्यावर तोडगा घातला तो असा, की कार्डाने एका वेळी मेमरीकडे कमी मागण्या करायच्या. दोष झाकला गेला, पण पाठवण्याचा वेग कमी झाला. ही घट टीएसओ (वरचं टीसीपी-सेगमेंटेशन-ऑफलोड) चालू असताना लागते. टीएसओमध्ये कर्नल कार्डाला ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा एकदम देतो आणि त्याचे पंचेचाळीसेक तुकडे कार्ड स्वतः करतं. टीएसओ बंद केलं तर टीसीपीची ही घट भरून निघते आणि प्रोसेसरवर जाणवण्याइतका भारही येत नाही, असं तोडग्याच्या नोंदीतच लिहिलेलं आहे.

म्हणून ५.८ मध्ये या चिपसाठी टीएसओ मुळातच बंद ठेवायचा बदल आला. हेतू बरोबर होता, पण बदल लागूच पडला नाही आणि टीएसओ चालू राहिलं. नंतरच्या दुरुस्तीच्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय: ५.८ पासून आय२१९-एलएमवर कमाल वेगाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच मिळत होतं. तुमचे ५७५ भागिले ९४१ करून बघा. ती दुरुस्ती एप्रिल २०२३ मधली, त्यात कार्ड सुरू होतानाच टीएसओ बंद करतात. तुमचा मिरर त्याच्या आधीचा.

आधी पडताळून बघा. रूट होऊन: ईथटूल, मोठा 'के', इंटरफेसचं नाव, टीएसओ ऑफ. लिंक पडत नाही, चालू कॉपी तुटत नाही. वर ब्रिज किंवा बाँड (कार्डांवर उभे केलेले आभासी इंटरफेस) असेल तरी आज्ञा खालच्या खऱ्या कार्डालाच द्या. मग लगेच आयपर्फ.

कोअरचार

टीएसओ एकटंच कशाला, जीएसओ, जीआरओ, चेकसम सगळंच बंद करून टाका. कटकटच नको.

पाचरमारे

नको, नको. प्रत्येक फोरमवर ही एक ओळ चिकटवलेली असते आणि लोक वर्षानुवर्षं ती वाहत नेतात.

टीएसओ बंद केल्यावर गठ्ठा फोडायचं काम जीएसओच (वरचं जेनेरिक-सेगमेंटेशन-ऑफलोड) करतो, ड्रायव्हरच्या अगदी दारात. वरचा सगळा टीसीपीचा प्रवास गठ्ठ्यानेच होतो, म्हणून प्रोसेसरला ते स्वस्त पडतं. जीएसओही बंद केलं तर सेकंदाला ८१ हजार पॅकेट एकेक करून वरपासून खालपर्यंत चालवावी लागतील. जीआरओ तर येणाऱ्या दिशेचं आहे, त्याचा इथे संबंधच नाही. आणि पाठवण्याचं चेकसम बंद केलं की टीएसओ आपोआप बंद होतं. मग आकडा सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही. एका वेळी एकच खुंटी हलवा.

सर्व्हरकोपरा

टीएसओ बंद: ९३९, ९४१, ९४१, ९४०. सॉफ्टआयआरक्यू ४ वरून ९ टक्के झाला, एवढाच फरक. सांबा परत ११० वर. टीएसओ पुन्हा चालू केलं की लगेच ५७४. दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

हे कायमचं कसं करायचं? आरसी.लोकलमध्ये टाकू का? नेटवर्क नेटप्लॅनकडून, खाली सिस्टीमडी-नेटवर्कडी. इंटरफेसवर ब्रिज आहे.

पाचरमारे

आरसी.लोकल नको. बूटला एकदाच चालतं, इंटरफेस नंतर उगवला तर हुकतं. नेटप्लॅनमध्ये यासाठी टीसीपी-सेगमेंटेशन-ऑफलोड नावाची किल्ली आहे आणि नेटवर्कडी असेल तर ती चालते. पण मी थेट डॉट-लिंक फाइल (सिस्टीमडीची कार्डाच्या सेटिंगची फाइल) करतो, कारण कुठलं काय लागलं ते समोर दिसतं.

ईटीसीखाली सिस्टीमडी, त्यात नेटवर्क, तिथे १०-आय२१९.लिंक अशी फाइल. मॅच विभागात परमनंट-मॅक-अ‍ॅड्रेस वापरा, नुसता मॅक-अ‍ॅड्रेस नको. ब्रिज खालच्या कार्डाचाच मॅक (हार्डवेअरचा पत्ता) घेऊ शकतो, मग फाइल त्यालाही चिकटते. लिंक विभागात टीसीपी-सेगमेंटेशन-ऑफलोड आणि टीसीपी६-सेगमेंटेशन-ऑफलोड, दोन्ही फॉल्स. (सगळी नावं फाइलमध्ये जोडूनच, मधे डॅश नाही.) दुसरी ओळ विसरलात तर आयपीव्ही-६ वरून येणाऱ्या क्लायंटना जुनाच वेग मिळेल आणि मग 'काही पीसींवरच स्लो' अशी नवीन तक्रार सुरू होईल.

आता खरा खड्डा. एका कार्डाला एकच डॉट-लिंक फाइल लागते, क्रमाने पहिली जुळेल ती. तुमची १० नंबरची जुळली की ९९-डिफॉल्ट.लिंक वाचलीच जात नाही, आणि इंटरफेसला नाव देण्याचा नियम त्या फाइलमध्ये असतो. परिणाम: रीबूटनंतर ईएनपी०एस३१एफ६ चं ईथ०, नेटप्लॅनला जुनं नाव सापडत नाही, सर्व्हर नेटवर्कवरून गायब. म्हणून ९९-डिफॉल्टमधल्या लिंक विभागातल्या सगळ्या ओळी, विशेषतः नेमपॉलिसीची, आपल्या फाइलमध्ये जशाच्या तशा उतरवा आणि त्याखाली आपल्या दोन ओळी घाला.

मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू. युडेव्ह (उपकरणं ओळखून मांडणारी सेवा) इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइल-सिस्टीममध्येच) कार्डाला हात लावतो, तिथे नवीन फाइल नसेल तर बदल लागत नाही. रीबूटच्या आधी युडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टिन नेट_सेटअप_लिंक चालवा, पुढे सिसखालच्या क्लास/नेटमधला त्या इंटरफेसचा मार्ग. आयडी_नेट_लिंक_फाइल पुढे तुमची फाइल दिसली आणि आयडी_नेट_नेम पुढे जुनंच नाव दिसलं तरच रीबूट करा. पहिल्या रीबूटला मॉनिटर-कीबोर्ड जोडलेला असू द्या, एसएसएचच्या भरवशावर राहू नका.

तारजोड

यात एक भर. ५.४ चालतो म्हणून २२.०४ वर तोच धरून बसू नका, २२.०४ च्या रेपॉझिटरीतून त्याला सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत. मिरर ताजा करा आणि जमलं तर एचडब्ल्यूईचा (त्याच उबुंटूसाठी दिलेला नवा कर्नल) ६.८ घ्या, त्यात ही दुरुस्ती आहे. तो चढला की डॉट-लिंकच्या त्या दोन ओळी काढून एकदा मोजा. न काढताही काही बिघडत नाही.

गच्चीवरचाराउटर

धागा पळवतोय, माफ करा. लक्षण तसंच, कार्ड रियलटेक ८१११, डेबियन, ड्रायव्हर आर८१६९. नवीन कर्नलवर वेग खालीवर होतो, पिंग मधेच ३० मिलिसेकंद. टीएसओ आधीपासूनच बंद आहे. पीसीआयई_एएसपीएम=ऑफ देऊनही तसंच.

पाचरमारे

लक्षण तसंच नाही. वर वेग एका आकड्यावर ठाम होता, तुमचा डुलतोय आणि पिंगही उड्या मारतंय. हे वीज वाचवण्याच्या झोपेसारखं दिसतं.

पीसीआयई_एएसपीएम=ऑफ चा अर्थ बहुतेकजण चुकीचा घेतात. त्याने एएसपीएम (पीसीआयई जोडणीची ही वीज-बचत) बंद होत नाही. कर्नल त्याला हात लावायचं सोडतो, बायोसने चालू ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. रूट होऊन एलएसपीसीआय -व्हीव्ही मध्ये कार्डाची 'लिंक कंट्रोल' ओळ बघा. 'एएसपीएम एल१ एनेबल्ड' दिसलं तर तो बूट पर्याय आधी काढा आणि रीबूट करा. मग सिसखाली बस/पीसीआय/डिव्हायसेस, तिथे कार्डाच्या फोल्डरमध्ये लिंक/एल१_एएसपीएम या फाइलमध्ये ० लिहा आणि पिंग चालू ठेवून बघा.

पिंग सपाट झालं तर पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स देऊन ते कायम करा. नाही झालं तर वेगळा धागा उघडा, आणि त्यात एलएसमॉडमध्ये आर८१६९ दिसतोय की आर८१६८ (रियलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर) ते पहिल्याच ओळीत लिहा.