उत्तर: लिनक्स मिंटवर प्रिंटर दिसतो पण कागद बाहेर येत नाही

वर कोणीतरी सगळी सिस्टीमच परत टाका म्हणालंय, ते कृपया करू नका हो, एवढ्यासाठी घर पाडायची गरज नाहीये. प्रिंटर लिस्टमध्ये दिसतोय आणि टेस्ट पेज नुसतं प्रोसेसिंग करत बसतंय म्हणजे केबल बहुतेक ठीक आहे, अडकतंय ते ड्रायव्हरपाशी (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर).

ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी localhost:631 टाका. कप्सचं (CUPS) पान उघडेल. लिनक्सवर छपाईचं सगळं काम हा कप्सच बघतो. तिथे प्रिंटर्समध्ये जाऊन तो पॉज्ड आहे का बघा, असेल तर अडकलेले जॉब आधी कॅन्सल करा आणि मग रिझ्यूम करा, नाहीतर जुनंच भूत परत मानगुटीवर.

तरी नाही झालं तर मॉडेल नंबर इथे टाका. काही स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) कायमचं साठवलेलंच नसतं, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. एचपीचा असला तर एचपीलिप (HPLIP, एचपी प्रिंटरच्या ड्रायव्हरचं पॅकेज) टाकूनही काही मॉडेल्सना वरून वेगळं प्लगिन लागतं, ते नेटवरून उतरतं, त्यामुळे नेट चालू ठेवा. माझ्या जुन्या प्रिंटरचं (कंपनी जाऊदे) असंच होतं, मी दोन रविवार केबल बदलत बसलो होतो 😅 बायको म्हणाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणा की.

आणि हो, नवा वायफायवाला प्रिंटर असेल तर ड्रायव्हर शोधूच नका, बहुतेक आयपीपीवर (नेटवर्कवरून छपाईची ठरलेली पद्धत) आपोआप लागतात, फक्त प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोघं एकाच वायफायवर हवेत.